टिपलेली माणसे, भेटलेली माणसे

मराठीत छायाचित्राच्या संदर्भात जी क्रियापदे रूढ झाली आहेत, त्यांच्याकडे थोडे लक्ष दिले तरी या कलेची नैतिक बाजू ध्यानात येते. चित्र किंवा रांगोळी काढावी तसे छायाचित्र ‘काढले’ जाते. ते ‘टिपले’ही जाते, आणि टिपणे ही क्रिया दाणे टिपणाऱ्या पाखराची व शाई टिपणाऱ्या कागदाची आहे, तशीच सावज टिपणाऱ्या शिकाऱ्याचीही आहे. तिसरा प्रयोग सर्वसामान्य माणसाच्या तोंडचा आहे. जत्रेला गेलेला माणूस आपला फोटो ‘काढून घेतो’. पहिल्या दोन प्रयोगांत वाक्याचा कर्ता कॅमेऱ्यामागे उभा असतो. तिसऱ्यात तो कॅमेऱ्यासमोर आलेला असतो. रस्त्यात, जत्रेत, मिरवणुकीत भेटलेल्या अनोळखी माणसांच्या चित्रांचे मूल्यमापन बहुधा प्रकाश, रचना आणि क्षण यांच्या अंगाने केले जाते. चित्रातला माणूस नुसता टिपला गेला, की चित्रकाराची आणि त्याची काही भेट झाली, हा प्रश्न समीक्षेत क्वचितच उपस्थित होतो. वास्तविक या प्रकारच्या छायाचित्रणाचे बरेचसे यशापयश याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

भारतात छायाचित्रणकला रुजली ती युरोपनंतर फार थोड्या वर्षांत. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय अभ्यासकही या नव्या विद्येकडे वळले. याच संस्थेच्या संस्थापकांपैकी असलेल्या विल्यम जॉन्सन या मुलकी अधिकाऱ्याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. या खंडांची घडण लक्षणीय आहे. माणसांची चित्रे वेगळी घेऊन ती मुंबई व आसपासच्या स्थळांच्या चित्रांवर जोडण्यात आली. काचेवर रसायनाचा ओला थर द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे आणि लगेच धुवावयाचे, अशी त्या काळची पद्धती होती. समोरच्या माणसाला काही काळ निश्चल राहावे लागे. हलत्या रस्त्यावरचा हलता माणूस त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा होता. परंतु तांत्रिक अडचणीने सर्व उलगडा होत नाही. जॉन्सनला हवा होता तो अमुक एक माणूस नव्हे, तर त्याच्या जातीचा नमुना. नमुन्याला स्वतःची जागा लागत नाही. त्याच्यामागे कोणतेही दृश्य ठेवता येते.

सन १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाने हीच दृष्टी साम्राज्याच्या प्रमाणावर राबवली. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात ४६८ छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकासोबत त्या त्या जमातीच्या स्वभावाविषयी निवाडे आहेत. या ग्रंथाचा एक वाचक सर सय्यद अहमद खान होते. १८६९-७० च्या लंडन मुक्कामात इंडिया ऑफिसमध्ये तो त्यांच्या पाहण्यात आला. तेथे एका तरुण इंग्रजाने पुस्तक चाळता चाळता त्यांच्या मुलाला, तू हिंदुस्थानी आहेस काय, असे विचारले. मुलाचा चेहरा लाल झाला. होय म्हणून त्याने घाईघाईने पुस्ती जोडली की, आपण तेथील मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज बाहेरून आलेले. आपल्या देशाची चित्रे पाहताना देशवासीयाला लाज वाटावी, आणि त्या लाजेपोटी त्याने आपल्याच देशबांधवांपासून स्वतःला वेगळे काढावे, हा प्रसंग भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात मोलाचा आहे. चित्रात नमुना झालेल्यांच्या बाजूने आलेली ही एक दुर्मीळ प्रतिक्रिया आहे.

विसाव्या शतकात हातात मावणारा कॅमेरा आला आणि छायाचित्रकार रस्त्यावर उतरला. नमुन्याच्या दृष्टीवर खरा उतारा यातून मिळावयास हवा होता, आणि काही अंशी तो मिळालाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७ च्या अखेरीस भारतात आला. १९४८ साली श्रीनगरच्या हरी पर्वतावर त्याने घेतलेले चित्र सर्वपरिचित आहे. डोंगरउतारावर काही मुस्लिम स्त्रिया उभ्या वा बसलेल्या आहेत; एकीने हात आकाशाकडे उचलले आहेत; पलीकडे खोरे आणि ढग पसरले आहेत. स्त्रियांची पाठ प्रेक्षकाकडे आहे. चेहरा न दिसताही हे चित्र अपुरे वाटत नाही, कारण त्या स्त्रियांचे लक्ष जेथे लागले आहे तेथेच प्रेक्षकाचेही लक्ष जाते. येथे स्थळ जोडलेले नाही. ती माणसे आणि तो डोंगर एकाच सकाळचे आहेत. जॉन्सनच्या चित्रांत जे तुटले होते ते येथे सांधले गेले.

तथापि या सांधण्याला एक मर्यादा आहे. क्षणाच्या अचूकतेवर आधारलेली ही पद्धती चित्रकाराला अदृश्य राहावयास शिकवते. समोरच्याला कळले की चित्र बिघडले, अशी तिची धारणा असते. त्यामुळे चित्रात येणारा माणूस स्वतःत मग्न असतो खरा, पण या व्यवहारात त्याचा वाटा शून्य असतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील जुनी विषमता अशा रीतीने अधिक मोहक रूपात टिकून राहते.

रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांच्या चित्रांत या प्रश्नाची दोन्ही टोके आढळतात. लहानपणी घरात पाहिलेल्या कार्तिए-ब्रेसाँच्या जयपूरवरील पुस्तकाने ते या कलेकडे ओढले गेले आणि १९६६ मध्ये जयपुरातच त्यांची त्याच्याशी गाठ पडली. पण गुरूचे कृष्णधवल माध्यम त्यांनी स्वीकारले नाही. पाश्चात्त्य छायाचित्रणातील कृष्णधवल जग हे एकाकीपणाच्या जाणिवेतून आलेले असून भारतीय जीवनाचे अंतरंग रंगांवाचून हाती लागत नाही, अशी भूमिका त्यांनी १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथात मांडली. ही भूमिका सरसकट मान्य होण्याजोगी नाही. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जी कृष्णधवल चित्रे घेतली, त्यांना परकी म्हणणे कठीण आहे. परंतु सिंग यांच्या रचनेतील एक विशेष या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. कोलकाता, वाराणसी किंवा मुंबईच्या त्यांच्या चित्रांत बहुधा एकच एक केंद्र नसते. चौकटीच्या कडेला कोणी अर्धा कापला गेलेला असतो, कोणी आरशात दिसतो, कोणी मागे आपल्याच कामात असतो. माणसे चित्रासाठी जमलेली नसून चित्र त्यांच्यामधून वाट काढत आहे, असा प्रत्यय येतो. उत्सवाच्या गर्दीची ही अत्यंत प्रामाणिक मांडणी आहे. कारण गर्दीत शिरलेल्या कोणालाच गर्दीचा मध्य सापडत नसतो.

याच चित्रकाराचे १९६७ चे मुंगेर येथील चित्र मात्र वेगळ्या कारणाने अस्वस्थ करते. पावसाने झोडपलेल्या काही स्त्रिया ओलेत्या साड्यांत एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. पाठीमागे सर्व धूसर आहे. चित्राच्या सौंदर्याविषयी दुमत होऊ नये. पण ते सौंदर्य ज्या बिलगण्यातून उत्पन्न होते, ते पावसापासूनच्या बचावाप्रमाणेच परक्या नजरेपासूनच्या बचावाचेही असू शकेल, ही शंका चित्र स्वतःच निर्माण करते. त्या स्त्रियांना चौकटीबाहेर जाण्याची मुभा नव्हती. कलाकृती म्हणून श्रेष्ठ असलेले चित्र भेट म्हणून अपुरे असू शकते, याचे हे उदाहरण होय. अशा चित्रासमोर समीक्षेने दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणावयास हव्यात. एकीने दुसरी खोडली जात नाही.

रघु राय यांच्या १९९५ मधील चर्चगेट स्थानकाच्या चित्राचा विचार येथे उपयुक्त ठरेल. कॅमेऱ्याचे दार जरा अधिक वेळ उघडे ठेवल्याने धावणारी गर्दी धुराच्या लोटासारखी विरघळली आहे आणि वृत्तपत्रात गढलेली काही माणसे तेवढी स्पष्ट उरली आहेत. गर्दीतला कोण व्यक्ती ठरणार आणि कोण नुसता पट्टा होणार, हे येथे चित्रकाराने नव्हे तर त्या माणसांच्या स्वतःच्या थांबण्याने ठरवले आहे. जो थांबला तो उमटला. योगायोगाने का होईना, चित्रातील व्यक्तींना येथे कर्तेपण लाभले आहे.

मराठी वाचकाला हा सर्व प्रश्न सर्वांत जवळून भिडतो तो पंढरीच्या वारीच्या निमित्ताने. आषाढी एकादशीला पंढरपूर गाठणाऱ्या पालख्यांसोबत दरवर्षी छायाचित्रकारांचीही एक वारी चालते. दिवे घाटातील वळणे चढणारी पालखी, वाखरीचे रिंगण, डोक्यावर तुळस घेतलेली स्त्री, फुगडी घालणारे वृद्ध: या चित्रांचा आता एक संकेतकोश तयार झाला आहे. चित्रकार बदलतो, वर्ष बदलते, चित्र तेच राहते. खाली ओळ असते, ‘भक्तिरसात न्हाऊन निघालेला वारकरी’. १८६३ मधील नमुना वेगळ्या वेषात परत आला आहे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. फरक इतकाच, की त्या वेळच्या नमुन्यामागे कुतूहल आणि सत्ता होती. आताच्या नमुन्यामागे कौतुक आहे. कौतुकानेही माणूस पुसला जातो.

या संदर्भात मराठी गद्यातील दोन नोंदींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक. दोघेही वारीबरोबर चालले. दोघेही निरीक्षक होते, आणि आपण निरीक्षक आहोत याचे भान दोघांनाही होते. कर्वे यांना दिंडीत जे दिसले ते एका दिवसाच्या पाहुण्याला दिसणे शक्य नव्हते. वाटेने एकत्र चालणाऱ्या, तेच अभंग गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवावयास वेगवेगळ्या बसत होत्या, आणि लेखिकेला ते सलत होते. एखाद्या उत्तम कॅमेऱ्याने दिवे घाटाच्या माथ्यावरून पाहिले असते तर त्याला एकच अखंड ओघ दिसला असता. आणि ते दृश्य खोटे नसतेही. पण मुक्कामावरच्या दोन वेगळ्या पंक्ती दिसण्यासाठी चार मुक्काम सोबत चालावे लागते.

उंचीचा हा मुद्दा केवळ रूपकाचा नाही. उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ (२०११) या पुस्तकात वारीची हवाई छायाचित्रे आहेत. आकाशातून वारी ही भूमीवर उमटलेली आकृती होते. समूहाचा आकार, वळण, शिस्त यांचे जे दर्शन त्यातून घडते ते जमिनीवरून घडत नाही. मात्र या उंचीवरून भेट संभवत नाही. ज्याला डोळे दिसत नाहीत त्याच्याकडे कोणी पाहूही शकत नाही. संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा या दोन्ही विषयांवर जमिनीवर राहून काम केले आहे. ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या त्यांच्या पुस्तकात जत्राजत्रांतून हिंडणारे फड आणि त्यांतील कलावंत यांचा शोध आहे. यात्रेतील एका रात्रीच्या खेळाचे चित्र कोणालाही काढता येते. फडाचे जगणे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा परतावे लागते. हवाई दृष्टी आणि पायी दृष्टी यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. परंतु समूहाच्या चित्राने माणसाच्या चित्राचे काम झाले असे मानणे ही दृष्टीची चूक ठरेल.

आतापर्यंतचा विचार कॅमेऱ्यामागच्या बाजूने झाला. समोरच्या बाजूची इच्छा काय असते? क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातील नागदा या गावी केलेल्या अभ्यासावर आधारित ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा अनुभव बोधप्रद आहे. सहज, बेसावध क्षणी घेतलेली जी चित्रे त्याला स्वतःला आवडत, त्यांविषयी गावकरी तक्रार करीत. चेहऱ्यावर सावली आहे, अंग अर्धे कापले आहे, असे त्यांचे म्हणणे असे. त्यांना हवे असे ते समोरून घेतलेले, उजळ, पायांसकट संपूर्ण चित्र. ही रसिकतेची उणीव नव्हे. सावध उभे राहणे हा त्या माणसाचा अधिकार आहे. आपण जगाला कसे दिसावे हे ठरवण्याची त्याला मिळालेली ती एकमेव संधी आहे. जत्रेतल्या फोटोच्या तंबूत रंगवलेल्या विमानात बसणारे नवविवाहित जोडपे किंवा कागदी चंद्रावर टेकलेला तरुण हीच संधी घेत असतो. अभिजनांच्या दृष्टीने पडदा खोटा आणि रस्ता खरा. परंतु त्या जोडप्यासाठी पडद्यासमोरचे आपण अधिक खरे असते, कारण ते स्वतः निवडलेले असते.

भारतीय कायद्यानेही हा भेद नकळत नोंदवला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते घेणारी व्यक्ती असते. मात्र कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास त्याचा पहिला मालक तो काढून घेणारा ठरतो. याचा अर्थ असा, की तंबूत पैसे मोजून उभा राहिलेला यात्रेकरू आपल्या चित्राचा धनी होतो आणि त्याच यात्रेत दहा पावलांवर नकळत टिपला गेलेला दुसरा यात्रेकरू होत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला. तथापि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी कलावंताने कसे वागावे, हे कोणताही निवाडा पूर्णपणे सांगू शकणार नाही. तो कलेच्या अंतर्गत शिस्तीचा भाग आहे.

ही शिस्त पाळूनही उत्तम चित्रे घेता येतात, याची साक्ष ज्योती भट्ट यांच्या कामात मिळते. मुळात चित्रकार असलेल्या भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गुजरात-राजस्थानातील खेड्यांत भिंतींवरची आणि अंगणातली चित्रे नोंदवावयास आरंभ केला. त्यांच्या चौकटीत अनेकदा ती चित्रे काढणारी स्त्रीही आपल्या भिंतीपुढे उभी असते. अशा चित्रात दोन चित्रकार समोरासमोर आलेले असतात; एकीची भिंत आणि दुसऱ्याची चौकट. ती कोणत्या जमातीची, या प्रश्नापेक्षा तिने काय केले आहे हे आधी दिसते.

यापुढे नावाचा प्रश्न येतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील माणसे वाचकाच्या स्मरणात नावानिशी राहतात. शब्दचित्राला नाव, बोली, पूर्वायुष्य सारे उपलब्ध असते. छायाचित्राला यातले काहीच नसते. त्याच्याकडे असते ते शब्दाला न सुचणारे तपशील: तुटलेला चपलेचा अंगठा, छातीशी लावलेली पिन, कोणीतरी मनगटाला बांधलेला दोरा. हे तपशील माणसाला नमुना होण्यापासून वाचवतात, कारण ते जातीचे नसतात, त्या माणसाचे असतात. पण नावाची जागा ते भरून काढत नाहीत. चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव, स्थळ आणि वर्ष येते. चित्रातला माणूस ‘एक भाविक’ राहतो. सर्वत्र नाव मिळवणे शक्य नाही, हे खरे. जेथे शक्य होते तेथेही ते विचारले गेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आज वारकऱ्याच्या खिशातच कॅमेरा आहे. दिंडीत चालता चालता तो आपले, आपल्या सोबत्यांचे चित्र घेतो आणि ते गावी धाडतो. व्यावसायिक छायाचित्रकाराची एकाधिकारशाही संपली आहे. तिच्याबरोबर त्याच्या कलेचे प्रयोजन संपले, असे मात्र नाही. स्वतःला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते, म्हणून दुसऱ्याच्या नजरेची गरज राहणारच. पण या नजरेचे मोल ठरवताना समीक्षेला आपली परिमाणे वाढवावी लागतील. चित्रकार तेथे किती काळ होता. चित्रातल्या माणसाला आपले चित्र निघत आहे हे कळले होते काय, आणि कळल्यावर त्याने काय केले. चौकटीतला तपशील त्या माणसाचा आहे की त्याच्या नमुन्याचा. आणि ते चित्र पुढे कोणाकडे गेले, या प्रश्नांची दखल रचना आणि प्रकाशाइतकीच घेतली पाहिजे.

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. जत्रेत, उरुसात, वारीत छायाचित्र घेऊन झाल्यावर समोरचा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट मागतो: एक प्रत पाठवा. पूर्वी तो कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून देई, आता नंबर सांगतो. आश्वासन दिले जाते. चित्र प्रदर्शनात, नियतकालिकात, ग्रंथात जाते. त्या पत्त्यावर ते क्वचितच पोचते. मराठीत ‘काढून घेणे’ या प्रयोगाचा आणखी एक अर्थ आहे. एखाद्याजवळची वस्तू त्याच्यापासून घेणे. पाठवलेली प्रत हा दुसरा अर्थ दूर ठेवते.